निवडुंगाच्या माळावर वसलेली गावे

पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला ‘कशासाठी निघालात?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर ठरलेले असते. अंबाबाईचे दर्शन असते, जोतिबाचा नवस असतो, पन्हाळ्याची हवा असते. आणि यांपैकी काहीच नसले तर तांबडा-पांढरा रस्सा तरी असतोच. आम्ही उभयता मात्र गेल्या मे महिन्याच्या सुटीत निघालो ते कारखाने पाहावयास. हे ऐकल्यावर शेजारच्या वहिनींनी आमच्या सौभाग्यवतींकडे ज्या करुणेने पाहिले, तिचे वर्णन करणे माझ्या लेखणीला शक्य नाही. मराठीच्या प्राध्यापकाने सुटीत गड पाहावेत, फार तर एखाद्या संतकवीची समाधी पाहावी. भट्ट्या आणि चिमण्या पाहावयास जाण्याचे त्याला काय प्रयोजन?

प्रयोजन होते. माझा एक जुना विद्यार्थी, पुण्यास राहून बी. ए. झाला आणि कोल्हापूरला परत जाऊन वडिलांच्या फौंड्रीत उभा राहिला. फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना; लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतावयाचे आणि यंत्रांचे सुटे भाग करावयाचे. या मुलाचे मार्चमध्ये पत्र आले. सीमेपलीकडे, कर्नाटकात, जागा मिळते आहे. वीज स्वस्त पडेल, सवलतीही आहेत. कारखाना तिकडे हलवावा असे त्याच्या मनात होते. वडील तयार नव्हते. ‘सर, आबा माझे ऐकत नाहीत. शिकलेल्या माणसाचे ऐकतात. एकदा येऊन डोळ्यांनी बघा,’ असे त्याने लिहिले होते. अर्थशास्त्राशी माझा संबंध महिन्याच्या एक तारखेपुरता. पण सरकार उद्योगाला आपल्या गावी कसे बोलावते आणि आलेल्याला कसे सांभाळते, हा प्रश्न मनात घोळू लागला. आणि लक्षात आले की पुणे-मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग म्हणजे या एकाच प्रश्नाची शंभर वर्षांची वहीच आहे. स्टेशनामागून स्टेशन म्हणजे पानामागून पान. मग ठरविले की सरळ कोल्हापूर गाठावयाचे नाही. थांबत थांबत जावयाचे.

पहिला मुक्काम कऱ्हाडचा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तिथे संध्याकाळ घालवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टेशनाकडे आलो. कऱ्हाडचे स्टेशन गावापासून चांगले दूर आहे, आणि त्याच्या शेजारीच आहे ओगलेवाडी.

वाचकांपैकी जे चाळिशी ओलांडलेले असतील त्यांना ‘प्रभाकर’ कंदील आठवत असेल. आमच्या आजोळी वीज होती, पण ती पाहुण्यासारखी यायची. दिवेलागणीला काचेवर चिमूटभर राख घेऊन ती फडक्याने पुसणे हे आम्हां मुलांचे काम असे. तो कंदील आणि त्याची काच ज्या ओगले बंधूंनी केली, त्यांनी १९१६ साली या माळावर काचकारखाना काढला. माळ औंध संस्थानाचा. परक्या देशातून येणाऱ्या काचसामानाशी टक्कर घ्यावयाची, तीही एका खेडेगावातून. हे धाडस त्यांनी केले आणि संस्थानाने त्यांना आसरा दिला. कारखाना आता बंद पडला आहे. घरोघर वीज आली, कंदील माळ्यावर गेले. पण गावाचे नाव मात्र ओगल्यांचेच राहिले. राजांच्या नावाची गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत, देवांच्या नावाची तर विचारूच नका. कारखानदाराच्या नावाने गाव ओळखले जावे ही गोष्ट मात्र या लोहमार्गावर अर्ध्या दिवसाच्या अंतरात दोनदा भेटते. आणि दोन्ही गावांच्या मुळाशी एकच राजा आहे.

दुसरे गाव अर्थातच किर्लोस्करवाडी.

या स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. उतरल्यावर डोळ्यांत भरतात ती झाडे. कारखान्याच्या गावाला काजळी असावयाची अशी आपली समजूत. इथे सावली आहे. पण १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे उतरले तेव्हा सावली देईल असे एक झाडही धड नव्हते. होते ते निवडुंग, दगड आणि नाग.

लक्ष्मणरावांची हकीकत मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेलेला हा मुलगा. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाला, आणि हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात आला. तिथे सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी शेतकऱ्याला भीती. ती भीती जाते न जाते तोच बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. कारखाना उचलावा तर न्यावा कुठे?

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या मुलखात बोलावले. औंध म्हणजे अवघ्या ७२ गावांचे संस्थान. तीही एकत्र नाहीत, ताटातल्या भाताच्या शितांसारखी विखुरलेली. राजेसाहेब १९०९ साली गादीवर आलेले, म्हणजे राज्य हाती येऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना काय दिले? कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज. बस्स. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव माळावर आले आणि निवडुंग तोडून गाव वसवू लागले.

मी त्या झाडांखाली उभा राहून पुष्कळ वेळ विचार करीत होतो. आजच्या भाषेत बोलावयाचे तर बाळासाहेबांनी ‘गुंतवणूक आकर्षित केली’. इंग्रजी हद्दीतला कारखाना आपल्या हद्दीत आणला. पण त्यांच्या देण्यातली खरी किंमत जमिनीत नव्हती. ती जमीन निवडुंगाखेरीज कोणाला नकोच होती. खरे मोल तीन गोष्टींचे होते. एक, स्टेशन शेजारी होते. म्हणजे नांगर आगगाडीत चढवावयास बैलगाडी लागणार नव्हती. दोन, निर्णय लवकर झाला. कारखाना उघड्यावर पडलेला असताना सहा महिने अर्जाची वाट पाहावी लागली नाही. आणि तीन, राजाने दिले आणि तो बाजूला झाला. नांगर कसा करावा हे त्याने सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. कारखाना औंधच्या हद्दीत, तोफा कोल्हापूरच्या! आपल्या मुलखातला नव्हे म्हणून महाराजांनी हात आखडता घेतला नाही. आज एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला असा हात दिल्याचे ऐकिवात नाही. पळवून नेल्याचे मात्र रोज वाचतो.

वाडीत आजही पंप तयार होतात. मराठीच्या माणसाला मात्र या गावाची ओळख आणखी एका कारणाने आहे. १९२० साली कारखान्याच्या बातम्यांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे लहानसे पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मासिक केले आणि पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ काढले. नांगर विकण्यासाठी निघालेल्या पत्रकाने मराठी घराचा अर्धा दिवाणखाना बदलून टाकला. राजेसाहेबांनी ३२ एकर दिले तेव्हा या पिकाची कल्पना त्यांना तरी कुठे असणार?

वाडीहून मिरजेकडे जाताना डब्यात एक गृहस्थ भेटले. जिल्हा उद्योग केंद्रातून निवृत्त झालेले. ही केंद्रे १९७८ साली देशभर निघाली. लहान उद्योग काढू पाहणाऱ्याला एका जागी सल्ला आणि मदत मिळावी हा त्यांचा हेतू. गृहस्थ बोलके होते, आणि सौभाग्यवतींनी डब्यातल्या गूळपोळ्या पुढे केल्यावर अधिकच बोलके झाले.

“सर, राजेसाहेबांनी एका माणसाला जमीन दिली,” ते म्हणाले, “१९६० साली महाराष्ट्र झाल्यावर सरकारपुढे प्रश्न होता तो हजारोंना द्यावयाचा. म्हणून महामंडळ काढले.”

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘एमआयडीसी’ म्हणतो ते, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाले. त्याचा कायदा आदल्या वर्षीचा, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीतला. काम साधे: जमीन घ्यावयाची, रस्ते करावयाचे, पाणी आणावयाचे, आणि भूखंड पाडून उद्योजकांना द्यावयाचे. आज गावोगावी लोक ‘तो एमआयडीसीत आहे’ असे म्हणतात, तेव्हा ते महामंडळाविषयी बोलत नसतात. जागेविषयी बोलत असतात. एखाद्या सरकारी संस्थेचे नाव स्थलवाचक नाम होऊन बसावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र व्याकरण तरी देऊ शकत नाही.

“पण नुसत्या भूखंडाने कोणी मुंबई सोडून येत नाही,” गृहस्थ पुढे म्हणाले. “म्हणून १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाना काढलात तर सवलती. नंतर तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. २०१९ च्या योजनेत तालुक्यांची वर्गवारी आहे. अ, ब, क, ड आणि ड अधिक.”

“ड अधिक म्हणजे?”

“सर्वांत मागासलेल्यांतला. त्याला सवलत मोठी.”

सौभाग्यवती हसू लागल्या. “आमच्याकडे अ श्रेणीला बक्षीस असते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे नापास होण्यातच फायदा दिसतो.”

“वहिनी, अगदी तसेच आहे,” ते मनमोकळेपणाने म्हणाले. “आणि आईबापही तसेच करतात की. हुशार मुलगा आपला आपण शिकतो. शिकवणी लावावी लागते ती दुसऱ्याला.”

सवलती कोणत्या, हेही त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. मोठ्या प्रकल्पाला राज्याच्या वाट्याचा कर परत मिळतो. लहान उद्योगाला कर्जाच्या व्याजात, विजेच्या दरात, मुद्रांक शुल्कात सूट मिळते. शिवाय ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी २०१९ पासून मुख्यमंत्र्यांच्या नावाचा रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्यात प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के रक्कम सरकार देते, थोडी पदरची घालावयाची आणि बाकीचे बँकेचे कर्ज. बाई असेल, अनुसूचित जातीजमातीतला असेल, खेड्यात धंदा काढणार असेल तर टक्केवारी वाढते.

“मग अडते कुठे?” मी विचारले.

ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. “सर, चौतीस वर्षे नोकरी झाली. अनुदान वाटले तेव्हा फोटो निघाले. पण माझ्या हातून खरे चांगले काम झाले ते फोटोविना. माणूस दारात येई. त्याला ठाऊक नसे की पहिला कागद कोणता आणि दुसरा कोणता. ते नीट सांगितले, बँकेच्या साहेबाला एक फोन केला, की निम्मे काम होई. ज्याला कोणी सांगत नाही तो सहा महिने हेलपाटे घालतो आणि मग धंद्याचा नाद सोडतो. पैसा नसल्याने जेवढे धंदे बुडाले नाहीत, तेवढे हेलपाट्यांनी जन्मायचे राहिले.”

आता यावरही इलाज म्हणून एक खिडकी आहे. तिचे नाव ‘मैत्री’. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले. २०२३ मध्ये तिला कायद्याचे पाठबळही मिळाले. सरकारी शब्दांचा मी थोडासा शौकीन आहे. मोठ्या उद्योगपतींशी होतो तो ‘सामंजस्य’ करार. परवान्याची खिडकी ती ‘मैत्री’. आणि लहान उद्योजकाचे पैसे कोणी थकवले तर तक्रार नोंदवावयाची ती केंद्र सरकारच्या ‘समाधान’ नावाच्या व्यवस्थेवर. तिन्ही नावे एखाद्या सुसंस्कृत घरातल्या मुलींची शोभावीत. या ‘समाधान’ची गाठ पुढे कोल्हापुरात पडावयाची होती.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तासभर रमलो. भोपळ्यांच्या राशी, लाकडाचा वास, आणि एक वृद्ध कारागीर तार जुळवीत बसलेले. यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारे घडविणारे. तलवारीचे दिवस संपले तसे ते वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावच्या वाद्यावर मिरजेचे नाव घालता येणार नाही. अशा उद्योगाला सरकार पैशापेक्षा मोलाची वस्तू देऊ शकते, ती म्हणजे नावाची राखण. पण राखण करणारा जागा हवा. कोल्हापुरी चपलेला हेच मानांकन २०१९ मध्ये मिळाले होते. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या एका बड्या नाममुद्रेने तसलीच पादत्राणे आपल्या प्रदर्शनात मांडली, आणि कोल्हापूरचे नाव घेण्याचे तिला गलका झाल्यावर सुचले.

हातकणंगल्याला उतरून इचलकरंजीला गेलो तो गावाने कानांनीच स्वागत केले. मागांचा खडखडाट. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग चालविला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या धंद्याला उत्तेजन दिले. एका मागाचे हजारो झाले. पंचगंगेकाठच्या जहागिरीच्या गावाची २०२२ साली महानगरपालिका झाली. पण एका मागवाल्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, “सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं. आमचा नुसता आवाज.” सुताचा भाव आणि विजेचे बिल यांच्या कात्रीत तो सापडलेला. विजेच्या दरात सरकार सवलत देते. ती एखाद्या वर्षी उशिरा ठरली की इथल्या घरांत किराणा कमी येतो. सवलत हा आधार असतो हे खरे, पण टेकू काढताच भिंत पडेल असे घर बांधण्याची सवयही तिच्यामुळेच लागते.

कोल्हापूरच्या अलीकडे एक लहानसे थांब्याचे स्टेशन आहे, त्याचे नाव ‘गूळ मार्केट’. गुळाच्या बाजाराला स्वतःचे स्टेशन! ही शाहू महाराजांची कमाई. कोल्हापूर संस्थानाची रेल्वे १८९१ मध्ये मिरजेला जोडली गेली. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली, तिथे गुळाची उलाढाल वाढली. १९०६ साली सूतगिरणी आणि कापड गिरणी काढली. वडील जयसिंगरावांच्या नावाने जयसिंगपूर हे बाजारपेठेचे गाव वसविले. राधानगरीचे धरण तर शेतीसाठी, पण उसाला पाणी आले नसते तर गूळ कुठून येता? रेल्वे, पेठ, पाणी. अनुदान हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

विद्यार्थी स्टेशनावर आला होता. पुण्यात होता तेव्हा वाळलेला बोरूसारखा असे. आता अंगाने भरला आहे, हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत. दुसऱ्या दिवशी तो आम्हांला शिरोलीच्या वसाहतीत घेऊन गेला. तत्पूर्वी आबांनी आग्रह करून शिवाजी उद्यमनगर दाखविले. आबांची उमेदवारी तिथलीच. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लेथ, आणि प्रत्येक दुकानातून वेगळा आवाज. कोल्हापूरच्या मिस्त्रींनी परदेशी तेलइंजिने खोलून, पाहून, तशीच घडविली ती याच परंपरेत. शाळा न शिकलेली ही माणसे सुताच्या हिश्शाचा फरक अंगठ्याने ओळखीत.

फौंड्रीत आम्ही गेलो तेव्हा ‘हीट’ तयार होत होती. विजेच्या भट्टीत लोखंड पांढरेशुभ्र झालेले. ते साच्यांत ओतू लागले तेव्हा सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला. ओतणारा माणूस मात्र इतक्या सहजतेने पळी फिरवीत होता की कढईतून जिलबी सोडावी.

मग छोट्या कचेरीत बसलो. मुलाने हिशेब मांडला. ओतकामात वीज हाच मोठा खर्च. सीमेपलीकडे युनिटमागे दर कमी पडेल, निपाणीकडची जागा चाळीस किलोमीटरवर, भांडवलावर सवलत. वीजदरावरून कोल्हापूरचे उद्योजक कर्नाटकात जाण्याची भाषा करतात ही गोष्ट नवी नव्हे; वर्तमानपत्रांतून ती आपण कित्येक वर्षे वाचतो. मला मात्र मौज वाटली. १९१० साली एक कारखाना बेळगावकडून इकडे आला. आज इकडचा कारखाना बेळगावच्या वाटेकडे पाहतो आहे.

आबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, ही भट्टी उचलता येती. पण पॅटर्न करणारा सुतार हाकेच्या अंतरावर हाय, त्यो उचलता येतोय का? मशिनिंगवाला पलीकडच्या गल्लीत. वाळू बिघडली तर शेजारी दोन पोती देतोय. चौतीस पोरं कामाला हाईत, सायकली न्हाईतर मोटरसायकलीवर येत्यात. ती काय निपाणीला येणार हाईत?”

मुलगा चिडून म्हणाला, “आबा, मग हप्ते कशातनं भरायचे?”

आणि तिथे खरी गोष्ट बाहेर आली. एका मोठ्या कंपनीकडे त्याचे एकोणतीस लाख रुपये सात महिने अडकले होते. माल गेला, पसंत पडला, वापरलाही गेला. पैसे तेवढे नाहीत. त्या खड्ड्यासाठी बँकेचे कर्ज, आणि कर्जाचे व्याज फेडण्यासाठी पलीकडच्या सवलतीची आशा. विजेचा दर हे कारण खरे होते. पण वहीतला तांबडा आकडा विजेचा नव्हता, येणे रकमेचा होता.

मला कायद्याचे थोडेफार वाचन या प्रवासापूर्वी करावे लागले होते, ते उपयोगी पडले. लहान उद्योजकाचा पैसा ४५ दिवसांच्या आत दिला पाहिजे असे २००६ च्या कायद्यात आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऐकावयास राज्य सरकारने नेमलेली सुविधा परिषद असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाचर मारली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळावयाचा नाही.

“तक्रार का केली नाहीस?” मी विचारले.

“सर, आमचं साठ टक्के काम त्यांचंच आहे,” तो खाली पाहत म्हणाला. “तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली.”

यावर कोणता ग्रंथ उघडावा? जमीन सरकार देऊ शकते, पाणी देऊ शकते, कर परत करू शकते. पण लहान माणसाला मोठ्या गिऱ्हाइकापुढे ताठ उभे राहण्याची हिंमत कोणत्या योजनेत बसते?

उत्तर आबांकडून आले. संध्याकाळी भाऊसिंगजी रस्त्यावरून जाताना त्यांनी गाडी थांबवावयास लावली. “इथंच कुठंतरी गंगाराम कांबळ्याचं हाटेल हुतं बघा,” ते म्हणाले. ही कथा कोल्हापुरात सर्वांना पाठ आहे. गंगाराम हा सरकारी पागेतला नोकर, दलित. पाण्याला शिवला म्हणून त्याला सवर्ण नोकरांनी मारले. शाहू महाराजांनी त्याला स्वतःचा धंदा काढावयास सांगितले. त्याने चहाचे हॉटेल काढले, ‘सत्यसुधारक’ नाव दिले. पण तिथे चहा प्यावयास कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवून चहा घेऊ लागले. राजाच पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-दरकदारांना नाही कसे म्हणता येणार?

“महाराजांनी गंगारामाला नुसतं भांडवल न्हाई दिलं,” आबा म्हणाले. “गिऱ्हाईक दिलं. आणि गिऱ्हाईक म्हंजे चहा पिऊन पैसं देणारं. फुकट पिणारं न्हवं.”

लहान उद्योगाला सरकारने काय द्यावे, याचे याहून नेमके उत्तर मला तरी कुठे सापडले नाही. केंद्र सरकारने २०१२ च्या आदेशाने आपल्या खात्यांना आणि कंपन्यांना वर्षाच्या खरेदीचा काही भाग लहान उद्योगांकडून घेण्याचे बंधन घातले. आता तो २५ टक्के आहे. ही गंगारामाच्या हॉटेलापुढे गाडी थांबविण्याचीच रीत. तिची दुसरी बाजू अशी की चहाचे पैसे वेळेवर द्यावयाचे, आणि जे देत नाहीत त्यांच्याकडून ते देववावयाचे. राजाची गाडी थांबते म्हणून इतर आले. परिषदेचा निकाल लवकर लागतो अशी ख्याती झाली, तरच लहान माणूस तक्रारीची पायरी चढेल.

त्या रात्री जेवणानंतर बापलेक पुष्कळ वेळ बोलत होते. आम्ही पाहुणे, मधे पडलो नाही. परत निघताना मी फक्त एवढे म्हणालो, “हलवायचे असेल तर जरूर हलव, लक्ष्मणरावांनीही हलवलाच की. पण त्यांना जागेवरून घालवले होते म्हणून ते निघाले. तुला इथून कोण घालवते आहे ते आधी नीट पाहा. ते माणूस पलीकडेही तुझे गिऱ्हाईक राहणार असेल, तर चाळीस किलोमीटर जाऊन काय मिळवशील?”

गणपतीच्या सुमारास त्याचा फोन आला. त्याने आणि आणखी दोघा फौंड्रीवाल्यांनी मिळून परिषदेकडे तक्रार नोंदविली. एकट्याचे धैर्य होईना, तिघांचे झाले. परिणाम दोन दिसले. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा पहिल्यांदाच गोड आवाजात फोन आला आणि अकरा लाख जमा झाले. आणि पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी थांबल्या. सध्या भट्टी एकाच पाळीत चालते. चौतीसांपैकी कोणाला काढलेले नाही. आबांनी घरातला एक दागिना मोडला आहे. मुलगा नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात पुण्याला येऊन गेला. निपाणीच्या जागेचा कागद त्याने फाडलेला नाही, कपाटात ठेवला आहे. परिषदेच्या निकालाची सगळे वाट पाहत आहेत.

मी या प्रवासावर लिहिणार आहे हे कळल्यावर आबांनी मुलाच्या हातून फोन घेतला. मला वाटले, काही तपशील सांगावयाचा असेल.

“सर, लिवा की. झ्याक लिवा,” ते म्हणाले. “फकस्त आमचं नाव घालू नगा. दिवाळी अंक गिऱ्हाईकबी वाचतंय.”